लाल दोरीच्या बारा कुंड्या

९ फेब्रुवारी, सोमवार

चिरंजीव मुकादमसाहेबांना,

आशीर्वाद राखून ठेवला आहे. आधी पत्र पुरतं वाच, मग देते की नाही ते बघू.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू हूं हूं करतोस आणि ठेवून देतोस. कागदाला हूं म्हणता येत नाही. दुसरी नापास बाई आहे मी, एक ओळ लिहायला एक कप चहा लागतो, म्हणून या पत्रातला प्रत्येक शब्द तुला महागातला समज. सूनबाई मला फोन करते ते न्हाणीघरातला नळ सोडून, चोरासारखी. स्वतःच्या पोरीची खुशाली विचारायला बाईमाणसाला नळ सोडावा लागतो! लाज वाटत असेल तर इथे थोडा वेळ थांब. नसेल वाटत तर पुढे वाच.

तर तुझी पोर, माझी टिचकी, बरी आहे. तीन वर्षं झाली तू तिच्याशी बोलत नाहीस आणि मी दोन वर्षं तिच्याकडे राहते आहे. टिचकीच्या संशोधन संस्थेच्या मागे दोन खोल्या आहेत आमच्या, आणि खिडकीतून तिचं काचघर दिसतं. काय काचघर आहे रे! आत गेलं की चष्म्यावर वाफ येते. तिथे टिचकी मातीतल्या बुरशीवर काम करते. बुरशी म्हणजे शिळ्या पावावर येते ती नव्हे, मलाही आधी तेच वाटलं होतं आणि मी नाक मुरडलं होतं. ही मातीत असते, केसाहून बारीक धागे असतात तिचे. झाडाच्या मुळाला चिकटते आणि मूळ जिथवर पोचत नाही तिथलं खाणं झाडाला आणून देते. आणि झाड तिला साखर देतं. बुरशी झाडाला किती देते, ते मोजायचं आहे टिचकीला. मी म्हटलं, शेजारणींनी एकमेकींना काय दिलं ते मोजायचं नसतं, भांडणं होतात. हसली.

चोवीस कुंड्या आहेत, सगळ्यांत मका. प्रत्येक कुंडीत मनगटाएवढी जाड प्लास्टिकची एक नळी उभी पुरलेली. नळीला खिडक्या कापल्यात आणि खिडक्यांवर जाळी. ती जाळी कोणी शिवली? मी! तीस वर्षं शिंप्याकडे काजं-बटणं केली ती अशी कामी आली. टाक्याच्या भोकातून मूळ आत शिरेल म्हणून तिने वरून गोंद लावला, पण टाका माझा आहे. तिच्या मोठ्या बाई, म्हणजे तिला शिकवणाऱ्या, भिंग लावून बघत होत्या आणि म्हणाल्या, "आजी, हे हाताने?" मी म्हटलं, "नाही, पायाने." टिचकीने मला कोपर मारलं.

बारा कुंड्यांना पांढरी दोरी, बारांना लाल. लाल दोरीच्या कुंड्यांतली नळी दर सोमवारी आणि गुरुवारी पाव वळसा फिरवायची. त्या दोन्ही दिवशी टिचकी दुसऱ्या गावी शाळेत शिकवायला जाते, म्हणून ते काम माझ्याकडे. पांढऱ्यांना हात लावायचा नाही. का, ते विचारलं तर म्हणाली, "आजी, तू नुसती फिरव." नुसती फिरवते. रेडिओचं बटण फिरवल्यासारखी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लाल दोरीचा मका वाढत नाही. पांढरा माझ्या कमरेला लागला आणि लाल अजून गुडघ्याखाली. पानांच्या कडा जांभळ्या पडल्यात, कोणी चिमटे काढल्यासारख्या. टिचकी त्यांच्यासमोर उभी राहते, वही घेऊन, आणि किती वेळ बघते. परवा तिने श्वास सोडला तो मला दारातून ऐकू आला. चाळीस वर्षं सार्वजनिक बागेत काढलीस, मुकादम होऊन निघालास, जांभळं पान बघून काय झालंय ते तू झोपेत सांगशील. पण सांगणार कोणाला? साहेबांनी तोंडाला कुलूप लावलंय.

कुलपावरून आठवलं. काचघराची किल्ली एकच, म्हणून दाराशी उपडी कुंडी आहे तिच्याखाली ठेवतो. रविवारी टिचकी वाचनालयात असते, मीच कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी घालते आणि दहाला कुलूप लावून परत येते. एका रविवारी किल्ली उचलताना विंचू निघाला आणि मी अशी ओरडले की फाटकावरचा पहारेकरी अर्धी विडी टाकून पळत आला. त्या विडीचं दुःख तो मला अजून सांगतो.

पुरे. शाई संपली नाही, राग संपला नाही, हात दुखतोय.

तुझी आई

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मुकादमसाहेब,

उत्तर नाही आलं. येणार नव्हतंच. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही तुझा, तुझ्या वडिलांवर गेलास. ते तर एकदा माझ्यावर रुसून दहा दिवस नुसत्या हातवाऱ्यांवर होते आणि अकराव्या दिवशी मीठ मागायला हात कसा करावा ते सुचेना म्हणून बोलले.

पण मला आज तुला काही दाखवायचं आहे, आणि तू इथे नाहीस याचा मला संताप येतोय. काल संध्याकाळी शाळेतून आल्यावर टिचकीने मला सूक्ष्मदर्शकात बघायला दिलं. मुळाचा एक तुकडा, निळ्या रंगात बुडवलेला. आधी मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसलं! मुळाच्या आत निळे धागे, घरातून घरात गेलेले, आणि एकेका घरात इवलंसं झाड. झाडाच्या मुळात झाड! मी म्हटलं, हा टाका कोणी घातला? मला जमणार नाही असा टाका आहे. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. टिचकी म्हणते कसं, "आजी, काचेवर सांडू नकोस."

मग लहर आली म्हणून पुन्हा विचारलं, आता तरी सांग, नळी का फिरवायची? आणि तिने सांगितलं. तुला सांगते, खाली बस.

झाडाचं खाणं फक्त नळीत भरलंय. बाहेरची माती उपाशी. जाळीतून मूळ आत जात नाही पण बुरशीचा धागा जातो, खाणं उचलतो, बाहेर मक्याला आणून देतो. नळी पाव वळसा फिरवली की ते धागे तटातट तुटतात. म्हणजे लाल दोरीचा मका उपाशी आहे तो उपाशीच राहायला हवा! उपाशी आणि पोटभरल्यात जो फरक पडेल, तेवढं बुरशीने ताटात वाढलं. ते तिचं मोजमाप. महिनाभर दर सोमवारी आणि गुरुवारी माझ्या हाताने त्यांच्या तोंडचा घास काढते आहे, आणि मला पत्ता नाही!

मी भडकले. म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हळू फिरवली असतीस."

खरंच हळू फिरवली असती. कुठे एखादीला तशीच सोडलीही असती, म्हातारी बाई विसरली म्हणून. पोरीने मला बरोबर ओळखलंय. आणि ती त्यांच्यासमोर उभी राहून श्वास सोडते तो समाधानाचा असतो म्हणे! मला वाटलं होतं रडते आहे. तेव्हा मागच्या पत्रात जे लिहिलं, मका मरतोय आणि पोर झुरतेय, ते खोडून टाक. लाल दोरीच्यांना काहीही झालेलं नाही. ते काम करताहेत.

अकरा मार्चला कापणी. त्यावरच तिचा प्रबंध उभा आहे. मी ठरवलंय, यापुढे नळी नीट कचकन फिरवणार.

तुझी आई

२ मार्च, सोमवार

तू.

आज मायना नाही. चिरंजीव नाही, साहेब नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झालाय आणि पेन कागदातून खाली टेबलाला लागतंय.

पंधरा फेब्रुवारीला, रविवारी, दहानंतर तू काचघरात आला होतास. नाही म्हणू नकोस. पहारेकऱ्याने सांगितलं, टोपी कपाळावर ओढलेला एक माणूस आला होता, "आजींचा मुलगा, डबा द्यायचाय" म्हणाला. डबा! तुझ्या हातात डबा नव्हता. तुझ्या कोटाच्या खिशांत खत होतं.

लाल दोरीच्या बारापैकी नऊ कुंड्या हिरव्यागार झाल्यात. काळपट हिरव्या, दांडगट, आठ दिवसांत हातभर वाढल्या. तीन तशाच जांभळ्या. नवव्या कुंडीला तुझे खिसे संपले, नाही का? माझ्या खिडकीतून काचघर दिसतं आणि मी त्या वेळी काय करत होते? झोपले होते, कुलूप लावून आल्या आल्या, भर सकाळी, कारण रात्री गुडघा दुखला. माझ्या गुडघ्यालाही शिव्या घालून झाल्या आज.

आता माझं ऐक, पहिल्यापासून सांगते. मला गुरुवारीच कळलं होतं. नळी फिरवायला गेले तर चौथ्या कुंडीत मातीवर पसरलेली खडी विस्कटलेली दिसली. पाणी खालच्या ताटलीत असतं, वरून कोणी ओतत नाही, मग खडी का हलावी? बाजूला केली. खाली माती गोल उकरून परत बसवलेली, आणि तिच्यावर तीन बोटांचे खळगे. अंगठा नाही, करंगळी नाही, मधली तीन. खत घातलं की वर तीन बोटं दाबायची, हे तुझ्या वडिलांनी तुला शिकवलं, आणि तू टिचकीला. दुसऱ्या कोणाची ही रीत नाही. मी खडी परत सारखी केली आणि घरी आले. चार दिवस मूग गिळून बसले. मनाशी म्हटलं, बुरशीच जिंकली असेल. दुसरी नापास असले तरी एवढी बावळट मी नाही, पण बावळट व्हावंसं वाटलं.

आज संध्याकाळी, टिचकी शाळेतून आल्यावर, तिनेच बोलावलेल्या मोठ्या बाई आल्या. हिरव्या कुंड्या बघून त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच घरात चोरी झाली. एक कुंडी उपडी केली, मातीतून करड्या रंगाचे खताचे दाणे निघाले.

"आजींचा हात मऊ असतो," त्या टिचकीला म्हणाल्या. "दया आली असेल."

मी म्हटलं, "बाई, माझा हात मऊ असता तर शिंप्याने मला तीस वर्षं ठेवलं नसतं."

"आजी, तू घातलंस?" टिचकीने विचारलं.

"नाही."

"मग कोणी?"

मी पदराने चष्मा पुसायला लागले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला मेल्यावरही आठवेल. माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि तो बसू नये असंच मी वागत होते, कारण तोंडात तुझं नाव होतं आणि ते बाहेर काढलं तर पुढची तीन वर्षं गेली.

मोठ्या बाई म्हणाल्या, कुंड्या टाका. उरलेल्या तीनवर काही सिद्ध होत नाही. काचघरातलं टेबल मे महिन्यापर्यंतच टिचकीचं आहे, मग दुसऱ्याला जाणार. पुन्हा लावायचं तर चौदा मार्चला लावा, साठ दिवस मिळतात, नाहीतर प्रबंध विसरा. आणि इथून पुढे कुंडीला जो हात लावेल तो वहीत लिहील. काय केलं, किती वाजता, आणि खाली सही.

घरी आल्यावर मी टिचकीला सांगितलं. खळगे सांगितले, आणि पत्राचंही सांगितलं. होय, पत्राचं. जांभळं पान मीच लिहिलं, किल्ली कुठे ते मीच लिहिलं, रविवार, दहा वाजले, सगळं मीच. तू नुसता खत घेऊन आलास. दार मी उघडून ठेवलं होतं. हे लिहायला मला आत्ता दोन कप चहा लागले.

तुझी आई

५ मार्च, गुरुवार

थोरल्या,

दोन दिवस टिचकी माझ्याशी बोलली नाही. आडनाव कळून येतं! चहाचा कप माझ्यासमोर ठेवायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, शाळेला निघण्याआधी मला हाताला धरून काचघरात घेऊन गेली. सहाव्या कुंडीवरची खडी बाजूला केली आणि त्या खळग्यांत स्वतःची तीन बोटं ठेवली. सैल बसली. लहानपणी तू तिच्या बोटांवर तुझी बोटं ठेवून दाबायचास, तेव्हाही ती अशीच हरवायची त्यात.

मग म्हणाली, "तीन वर्षांत एक शब्द सुचला नाही त्यांना. आणि नऊ मुठी सुचल्या."

आणि अशी रडली रे, रागाने. कुंडीला लाथ मारणार होती, मी धरली.

पुढचं मला सांगू नको म्हणालीय, म्हणून सांगते. ती म्हणाली, "आजी, त्यांनी बरोब्बर तेच खत आणलं. दुसरं कुठलं नाही. तू लिहिलेल्या जांभळ्या कडांवरून. मी जे यंत्राने मोजते ते त्यांनी पत्रावरून ओळखलं." घर सोडलं त्या दिवशी तिने तुला काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे, तुलाही असणार. बागेच्या कचेरीतल्या नोकरीचा तू आणलेला कागद तिने परत केला आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला झाडातलं काय कळतं, तुम्हाला फक्त खत टाकता येतं. वाईट बोलली. पण तू काय केलंस? आतल्या खोलीत जाऊन बसलास आणि पोर बॅग घेऊन जिना उतरेपर्यंत बाहेर आला नाहीस. बोललेला शब्द ती गिळायला तयार होती, पण गिळताना समोर कोणी बघायला तर हवं! मी दाराशी उभी होते, मी पाहिलंय. तिने तीनदा मागे वळून बघितलं.

म्हणून आता हे सांगणं नाही, हुकूम आहे. चौदाला कुंड्या पुन्हा लागणार. सोमवारी आणि गुरुवारी टिचकी शाळेत असते. मी नळ्या फिरवणार नाही. माझं मनगट धड आहे, तरी फिरवणार नाही. ज्याने उपास मोडला त्याने तो पाळायचा. तू येणार आहेस. चालू वर्षीच निवृत्त झालास, आता बागेचं कारणही नाही. सात वाजताच्या गाडीने ये. बारा लाल नळ्या, पाव वळसा, कचकन. धागे तुटतील. पानं जांभळी पडतील, तुझ्या डोळ्यांदेखत, आणि तू त्यांना काही देणार नाहीस. मका गुडघ्याशी थांबेल आणि तू वहीत लिहिशील, फिरवली. साठ दिवस. चाळीस वर्षं ज्याने एक रोप मरू दिलं नाही त्याला याहून मोठी शिक्षा मला सुचली नाही, आणि मी बराच विचार केलाय.

टिचकीला विचारलंय. ती म्हणाली, "येणार नाहीत."

मी म्हटलं, "मग मी त्यांची आई नाही."

सोळाला, सोमवारी. खिसे रिकामे घेऊन ये, फाटकावर मी स्वतः उलटे करून बघणार आहे.

तुझी आई

२१ मे, गुरुवार

थोरल्या,

माझा राग गेलेला नाही हे आधी लिहून ठेवते, म्हणजे तुझा गैरसमज नको.

आलास. सोळाला आलास आणि फाटकावर न सांगता खिसे उलटे केलेस. पहारेकरी मला विचारत होता, झडती का घेता? मी म्हटलं, आमच्यात असंच स्वागत असतं. अठरा वेळा आलास, एक खेप चुकवली नाहीस. काचेतून बघत होते मी. तिसऱ्या आठवड्यात पाचव्या कुंडीसमोर किती वेळ उभा होतास! हात पुढे गेला, मागे घेतलास, आणि खिशात घालून बाहेर आलास. त्या दिवशी चहा न पिता गेलास.

पण तुम्ही बापलेकींनी माझा जो जीव घेतलाय! ती शाळेतून येणार संध्याकाळी, तू जाणार दुपारी, आणि बोलणार कुठे? वहीत! मोठ्या बाईंच्या वहीत! मी एकेक पान वाचलंय, नाही कशाला म्हणू. तू, फिरवली. खाली ती, किती? तू, पाव. मग दोन आठवडे नुसत्या सह्या. मग तू, सात नंबरला मावा पडलाय, पानाखाली किडे, बघणे. ती, बघितला, काढला. मग ती, ताटल्यांतलं पाणी कमी वाटतं का? तू, नाही, बरोबर आहे. आणि एप्रिलच्या शेवटी ती, जांभळं बघवत नसेल तर आजीला सांगा. त्याखाली तू काय लिहिलंस? बघवतं. एवढंच! एक शब्द, आणि तोही खोटा. मी ती वही तुझ्या डोक्यात मारणार होते.

आता बातमी. कापणी झाली ते तुला ठाऊक आहे. पानं वाळवली, दळली, आम्लात विरघळवली आणि काल तिने त्यात औषध घातलं. ज्यात जितकं खाणं पोचलं तितका रंग निळा होतो. चोवीस छोट्या काचेच्या बाटल्या ओळीने. पांढऱ्या दोरीच्या बारा अशा गडद निळ्या की शाई भरून घ्यावी. लाल दोरीच्या बारा फिक्या, कपड्याला नीळ देऊन उरलेल्या पाण्यासारख्या. बाराच्या बारा एकसारख्या. मोठ्या बाई दोनदा मोजून बघत होत्या. म्हणाल्या, इतका स्वच्छ फरक मी पाहिलेला नाही, त्या फिरवणाऱ्याच्या हाताला दाद द्यायला हवी.

टिचकी फिक्या ओळीतली शेवटची बाटली उजेडात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, ही बाबांची."

तीन वर्षांनी तो शब्द ऐकला मी तिच्या तोंडून. ऐकायला कोण होतं? मी, मोठ्या बाई, आणि चोवीस बाटल्या. तू नव्हतास. आता सांग, राग येईल की नाही माणसाला?

ती बाटली तिने फेकलेली नाही. खिडकीत ठेवली आहे, बूच लावून. स्वतः पत्र लिहीन म्हणते, कागद घेऊन बसते, पेन चावते, उठते. तुझीच औलाद. तिची वाट बघशील तर मी वर जाईन.

काचघर आम्ही रिकामं करून दिलं. किल्ली परत केली, ती उपडी कुंडीही गेली. रविवारी ये. आता फक्त आमचं घरचं दार आहे, आणि त्याची किल्ली मी कुठेही ठेवलेली नाही. वाजवावं लागेल.

आई